हौद्यातली दोन भोकं

काल आमची मालाची गाडी बघायला गिऱ्हाईक आलं होतं. फलटणकडचा माणूस, ऊसवाला, बोलायला शांत. त्याने चाकं बघितली, दारं उघडून मिटली, इंजिन चालू करून कान दिला. मग मागचा फाळका पाडून हौद्यात चढला. मी पडवीत शेंगा फोडत बसले होते. पायाने पत्रा ठोकत तो म्हणाला, "पावनं, हितं दोन झाकणं कशापायी?"

आमचे हे खाली उभे होते. त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. "एक बरोबर हाय, एक चुकलेलं. मापाला माझाच हात चुकला हुता."

गिऱ्हाईक हसलं. हेही हसले. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

हे उत्तर मी चौदा वर्षं ऐकते आहे. ते खरं नाही. चुकलेलं भोक माझं आहे. रविवारी गाडी जाणार. गाडी दारात आहे तोवर ह्यांना सांगायचं, असं मी दर वर्षी मनाशी म्हणत आले, आणि आता चार दिवस उरले. तोंडाने जमेना म्हणून आधी लिहून बघते. मुलीच्या कॉलेजच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि पावसाळ्यात मुलींना ओढा ओलांडू देत नसत. पण अक्षर माझं बरं आहे.

हे फौजेत ड्रायव्हर होते. डोंगरातल्या रस्त्यांवर मोठमोठ्या गाड्या चालवून पेन्शनीवर घरी आले, तेव्हा हातांना काही सुचेना. सकाळी उठून अंगण झाडायचे, विळे पाजळायचे, माझं शिलाई मशीन विनाकारण खोलून तेल घालायचे. मग एक दिवस सांगलीहून ही गाडी घेऊन आले. छोटी, निळी, पेट्रोलवरची, आधी कुणीतरी वापरलेली. मी पुढच्या काचेला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आमचं गाव वडूजच्या अलीकडे. पाणी कमी, पण बटाटा आणि कांदा चांगला येतो. गावचा माल भरून हे सांगलीच्या बाजारात न्यायचे. मुलगी सांगलीतच विश्रामबागेत वसतिगृहात राहून शिकायला लागली, तेव्हा महिन्यातून एकदा मीही पुढे बसून जायची. मांडीवर डब्याची पिशवी, पायाशी चटणीची बरणी.

घरात मी फार बोलत नाही. माणसं असली की माझा शब्द घशातच बसतो, लहानपणापासून. हेही घरात मोजकंच बोलतात. पण गाडीत बसलं की दोघांची तोंडं सुटायची. दोघंही पुढे रस्त्याकडे बघायचो, एकमेकांकडे बघायला नको, म्हणून असेल. हे बर्फाचं सांगायचे, तंबूत स्टोव्हवर वितळवलेल्या पाण्याचा चहा कसा लागतो ते सांगायचे. मी माहेरचं सांगायची. एकदा सांगली येईपर्यंत मी एकटीच बोलत होते आणि पुलावर आल्यावर लाजले. हे म्हणाले, "थांबलीस का? लांबचा रस्ता घेऊ का?"

त्या गाडीत मी सगळं बोलले, हे एक सोडून. मागे हौद्यात खड्ड्यागणिक ते चुकलेलं झाकण खडखडायचं. ते ऐकू आलं की मी गप्प व्हायची.

झालं असं. एका सकाळी बटाट्याची पोती दारात लावून ठेवलेली आणि गाडी चालू होईना. हे कान लावून म्हणाले, टाकीतली मोटर गेली. पेट्रोल ओढून पुढे इंजिनाला देणारी छोटी मोटर असते, ती टाकीच्या आतच बसवलेली असते, वरच्या अंगाने. आणि टाकी हौद्याच्या खाली. म्हणजे मोटर काढायची तर अख्खी टाकी खाली उतरवायची. वडूजचा मिस्त्री बघून म्हणाला, बोल्ट गंजलेत, दोन दिवस लागतील, गाडी ओढून गॅरेजला आणा. ह्यांना ते पटेना. मोटर एकदा गेली की परत जाणार, दर वेळी टाकी उतरवायची का? सांगलीच्या एका फिटरने ह्यांना पूर्वी सांगितलं होतं, मोटरीच्या बरोबर वर हौद्याचा पत्रा कापायचा, वर झाकण बसवायचं. झाकण उचललं की मोटर हाताशी.

"चांगल्या गाडीला भोक पाडतोय," थोरले दीर म्हणाले. शेजारीच त्यांची पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा काढून ते आमच्या अंगणात आले ते दिवसभर गेलेच नाहीत.

"दादा, खिडकी म्हण," हे म्हणाले.

"खिडकी घराला आसती. गाडीला भोक."

थोरल्या दिरांपुढे मी डोक्यावरचा पदर सोडत नाही आणि बोलत नाही. आमच्यात तशी रीतच आहे. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर असले तरी भिंतीकडे बघून म्हणायचे, "आत सांगा, चा ठेवा म्हणावं." आत सांगायला कुणी नसायचं. मीच ऐकायची आणि चहा ठेवायची.

माप घ्यायला ह्यांनी मला बोलावलं. मी गावातल्या बायकांची पोलकी शिवते आणि कागदावर बेतून मगच कापड कापते, हे त्यांना ठाऊक. त्यांनी आधी टाकीतलं पेट्रोल नळीने कॅनमध्ये काढलं. कॅन लांब गोठ्यामागे नेऊन ठेवला. मग गाडीखाली उताणे झोपले. टाकीचा वरचा भाग दिसत नाही, फटीतून हात घालून चाचपावा लागतो. मी गाडीशेजारी वर्तमानपत्र पसरून खडू घेऊन बसले.

"लिव्ह," खालून आवाज आला. "देवळाकडच्या पट्टीपासून एक वीत चार बोटं."

आमच्या गावात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. एका अंगाला देऊळ, दुसऱ्या अंगाला ओढा, त्यावरच सगळं चालतं. ताट ओढ्याकडं सरकव, बैल देवळाकडं वळव, दुखतंय कुठं तर देवळाकडच्या गुडघ्यात. ह्यांनी फौजेत इतकी वर्षं डावा पाय उजवा पाय केलं, पण अंगणात पाठ टेकली की तेही देवळाकडचंच म्हणायचे. पट्टी म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या. त्यांचे बोल्ट वर हौद्यात दिसतात, त्यामुळे खालचं माप वर धरता येतं. मी कागदावर दोन्ही पट्ट्या काढल्या, माझ्या वितीने नाही, ह्यांची वीत दोरीवर घेऊन. मोटरीचा गोल काढला. एका कडेला "दे" लिहिलं, दुसरीला "ओ". मग गोलाभोवती चौकोन कापला. हे बाहेर येऊन कागद बघत म्हणाले, "फौजेत असती तर नकाशे करायला बसवली असती तुला." मी आत पळाले. पण ते मला फार आवडलं होतं. अजून आठवतं.

मी आत भाकरी थापत होते तेव्हा बाहेर गलका झाला. गिरणीतून आणलेली वायर फाळक्यापर्यंत पोचत नव्हती. दादा म्हणाले, "गाडी फिरवा. फाळका गिरणीकडं करा." गल्लीतल्या माणसांनी लोटून गाडी अंगणात फिरवली आणि ती आपल्या कामाला गेली. मी हात धुऊन बाहेर आले, तर गाडीचं तोंड गिरणीकडे होतं ते घराकडे झालेलं. ते मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण गाडी फिरली तर माझा कागदही फिरतो, हे डोक्यात आलंच नाही. देऊळ कुठे हललं होतं?

हे म्हणाले, "तूच ठेव, तुझा कागद." मी पदर सावरून हौद्यात चढले. देवळाचा कळस बघितला, "दे" लिहिलेली कड त्या अंगाला केली, बोल्टाला बोल्ट जुळवला आणि चौकोनाभोवती खडू ओढला. खाली उतरले. ह्यांनी पोती भिजवून टाकीवर सरकवली, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवल्या. दादांना बिडी विझवायला लावली. मग कटर सुरू झाला.

ठिणग्या उडायला लागल्या आणि माझी नजर गाडीच्या कडेला गेली. पेट्रोल घालायच्या तोंडाचं झाकण देवळाच्या बाजूला चमकत होतं. सकाळी मी माप लिहून घेत होते तेव्हा ते ओढ्याकडे होतं. कागद उलटा पडला होता. पोलक्याचा उजवा हात डावीकडे लावावा तसं झालं होतं.

कटरने पहिली ओळ अर्धीच कापून झाली होती. तेव्हा थांबवलं असतं तर एक चीर पडली असती, बाकी काही नाही. मी दोन पावलं पुढे गेले. दादा हौद्याला कोपर टेकून उभे होते, माझ्या आणि ह्यांच्या मधोमध. मला म्हणायचं होतं, थांबा. दोन अक्षरं. ओठ उघडले आणि मग मिटले. मी परत पडवीत आले आणि खांबाला धरून बसले. चारही बाजू कापून होईपर्यंत बसले.

ह्यांनी कापलेला तुकडा पकडीने उचलला, ओलं पोतं ओढून घेतलं. दोघे भाऊ वाकले. अर्ध्या भोकातून टाकीचा कोपरा दिसत होता, अर्ध्यातून अंगण. त्याच वेळी आमची तांबडी कोंबडी गाडीखालून चालत आली, भोकाखाली थांबली आणि मान वाकडी करून वर बघायला लागली.

दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आरं फौजी! टाकी कुठं, भोक कुठं! शत्रूवर बी आसाच नेम धरत हुतास व्हय रं? म्हणून पेन्शनीवर धाडला का तुला?"

ह्यांनी कागदाकडे बघितलं. भोकाकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे, पंजा पसरून. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मापाला माझाच हात चुकला."

माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मला वाटलं, त्यांना कळलंय आणि मला वाचवतायत. मी असं वाटून घेतलं, कारण तसं वाटलं की मला सोपं जायचं.

मजा अशी की त्या चुकलेल्या भोकातून हात घालूनच त्यांना मोटर नीट चाचपता आली. दुसरं भोक बरोबर पडलं. टाकी पत्र्याला किती लागून आहे ते हाताला कळलं होतं, म्हणून या वेळी कटर न लावता ओळीने बारीक भोकं पाडून छन्नीने हळूहळू तोडलं. या बरोबर भोकाला त्यांच्या फौजेतल्या काळ्या पेटीचा पत्रा झाकण म्हणून लावला. पेटीवरचा पांढरा आकडा अर्धा त्यावर आला. झाकण भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं घ्या, शिवणीत दाबायला ठेवतो तसं, एवढं मात्र मी दादा चहा प्यायला गेले तेव्हा बोलले. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मी कडेला लावून दिली, पाणी जाऊ नये म्हणून. चुकलेल्या भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा दुहेरी ठोकून बसवला. दिवस मावळायच्या आत नवी मोटर बसली, गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बटाटे सांगलीला गेले.

आठवडाभराने मी ह्यांचा शर्ट धुतला तेव्हा खिशातून कागदाचा लगदा निघाला. "दे" आणि "ओ" दोन्ही गेले होते.

पुढे त्या भोकाचा उपयोगच झाला. मेथी, कोथिंबीर ओली भरली की पाणी तिथून गळायचं. हौदा धुताना माती तिथूनच ढकलायची. दादांना मात्र ते कधी जुनं झालं नाही. पाहुणे आले की, "चला, आमच्या फौजीचा नेम दाखवतो." हे हसायचे.

पण मला एक दिसत होतं. आधी ह्यांचा हात असा होता की डोळे झाकून नट कुठला ते सांगायचे. त्या दिवसानंतर ते टेप घेऊन फिरायला लागले. एकदा मोजायचे, परत मोजायचे. माझ्या मशीनचा पट्टा बदलायचा तरी, "बघ गं, बरोबर हाय का?" हळूहळू कामं मिस्त्रीकडे जायला लागली. मी म्हणायची, वय झालं. वय झालं नव्हतं.

इथवर लिहिलं त्याला चार दिवस झाले. आता पुढचं लिहिते.

काल शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी गाडी धुतली, शेवटची म्हणून. मी हौद्यात खराटा मारत होते, हे खालून पाइप धरून. चुकलेलं झाकण काढलं, गढूळ पाणी भसाभसा खाली जायला लागलं. माणसं नव्हती. आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो, पाण्याकडे बघत होतो. गाडीतल्यासारखं. मी म्हणाले, "आवं, हे भोक माझं हाय."

"काय?"

मी सगळं सांगितलं. देऊळ, कळस, फिरवलेली गाडी, पेट्रोलचं झाकण. आणि कटर चालू असताना मला कळलं होतं तेही.

मला वाटलं होतं ते म्हणतील, ठाऊक हाय मला. तसं म्हणाले नाहीत. पाइप जमिनीवर ठेवला. पाणी वाहत राहिलं.

"म्हंजे माझा हात चुकला न्हवता?"

"न्हाई."

"चौदा वर्षं..." म्हणाले आणि नळ बंद करून आत गेले. जेवताना भाकरी मागितली नाही, मी वाढली ती खाल्ली. मी विचारलं नाही. रागवायचा त्यांना हक्क होता. मला वाचवतायत असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि त्यांनी तर खरोखरच दोष स्वतःच्या हाताला दिला होता.

आज सकाळी चहा झाल्यावर ते दारात उभे राहून ओरडले, "दादा, जरा ये रं हिकडं!" मग मला म्हणाले, "तूच सांग."

दादा काठी टेकत आले. आता त्यांनाही नीट चालवत नाही. मी पदर घेतला. पण सांगितलं, खाली बघत, थोडक्यात. दादा ऐकत होते, नेहमीसारखे भिंतीकडे बघत. संपल्यावर त्यांनी भिंतीलाच विचारलं, "मग गाडी फिरवा आसं कोण म्हणालं हुतं?"

मी म्हणाले, "तुमीच, दादा."

त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली असतील. मग मिशीत हसले. "आयला. म्हंजे नेम माझा चुकला म्हणायचा." आणि माझ्याकडेच बघून म्हणाले, "चा ठेव बाई."

मी चहा टाकून बाहेर आले तर अंगणात हे दिसेनात. गाडीखालून पाय बाहेर आले होते. गुडघ्यांनी त्रास दिला असणार, कण्हल्याचा आवाज येत होता. दादा काठीवर वाकून विचारत होते, "आरं, गिऱ्हाईक येईल आता. खाली काय शोधतुयास?"

खालून पट्टीवर पंजा टेकवल्याचा आवाज आला. मग बोटं. एक, दोन, तीन, चार.

"तोंड कुणीकडं हाय गाडीचं?" त्यांनी मला विचारलं.

"गिरणीकडं," मी म्हणाले. "त्या दिवशी सकाळी हुतं तसंच."

"मग देवळाकडच्या पट्टीपासून एक वीत चार बोटं," ते म्हणाले. "बरोबर हुतं माझं."

ते लगेच बाहेर आले नाहीत. दादांनी फाळक्यावर काठी ठोकली, "बरोबर तर बरोबर, आता भाईर ये, चा निवतोय." गिऱ्हाईकाची मोटारसायकल ओढ्याच्या बाजूने येताना ऐकू यायला लागली होती. मी खाली वाकून हात पुढे केला. ह्यांनी तो धरला आणि बाहेर आले. पाठीला अंगणातली माती लागली होती, ती मी झटकली. दादा बघत होते, तरी झटकली.